दुसरी सीट

माझ्या भाच्याने गाडी बनवली तेव्हा भात झोडून झालं होतं आणि खाचरं मोकळी पडली होती. पाड्यावरची निम्मी माणसं वीटभट्टीवर गेलेली. हा पोरगा मात्र दोन वर्षं वसईकडे एका वेल्डिंगच्या दुकानात राहून परत आला होता. येताना पोत्यात शंभर सीसीच्या मोटारसायकलचं इंजिन. मोटारसायकल झाडाला धडकून वाकलेली, इंजिन शाबूत, म्हणून स्वस्तात मिळालं. त्याची आई म्हणजे माझी बहीण म्हणाली, "एवढ्या पैशात दोन शेळ्या आल्या असत्या."

मोटारसायकलचं इंजिन चारचाकीत बसवणं ऐकायला सोपं वाटतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच डब्यात असतात, दोघांनी मिळून उचलता येतात, त्यामुळे हलक्या गाडीला ते बरं पडतं. अडचणी नंतर कळतात. एक तर रिव्हर्स नाही. गाडी मागे घ्यायची म्हणजे उतरून ढकलायची. दुसरं म्हणजे ते इंजिन वाऱ्यावर थंड होतं. मोटारसायकलवर समोरून वारा लागतो, सीटमागे कोंबलं की ते तापतं. एका चेनने मागचा आख्खा आस फिरवायचा, त्यामुळे दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि वळणावर एक चाक घासत जातं. आणि ताकद किती, तर सात-आठ हॉर्सपॉवर. भाच्याने चढासाठी मागे मोठं स्प्रॉकेट टाकलं. वेग गेला, पण गाडी चढू लागली.

हे वेड फक्त आमच्या पाड्याचं नाही. इंग्लंडात महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, कूपर बापलेकांनी जुन्या फियाटचे भाग घेऊन त्यात मोटारसायकलचं ५०० सीसीचं इंजिन बसवलं आणि शर्यतीची गाडी केली. १९५५ मध्ये बीएमडब्ल्यूने आणलेली अंड्यासारखी इझेटा मोटारसायकलच्याच इंजिनावर चालायची. आणि आपल्याकडे सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप पोरासाठी बनवली. खर्च साठेक हजार. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, असंही लिहिलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली.

भाच्याने तो व्हिडिओ मला दहादा दाखवला असेल. त्याला त्यात बोलेरो दिसायची. मला 'अडवली जाईल' हे ऐकू यायचं.

कायदा सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिली तशी गाडी ठेवा, मनाने बदलू नका. मुळात कंपनीच नसलेल्या गाडीची तर नोंदणीच होत नाही. आणि कंपनीचं तरी कुठे लगेच होतं? बजाजने दोनशे सोळा सीसीची हलकी चारचाकी २०१२ मध्ये दाखवली, ती आपल्याकडे 'क्यूट' नावाने विकायला यायला २०१९ उजाडलं. एवढ्या मोठ्या कारखान्याला सात वर्षं, तर आमच्या पोराने कुठल्या दारात उभं राहायचं? उलट, कागदपत्रं असलेल्या जिपांतून मी टपावर बसून जव्हारला गेलोय. आत पंधरा, मागे लटकलेले वेगळे. कागद म्हणजे सुरक्षा नव्हे, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून मी भाच्याला कधी अडवलं नाही. खाचरात चालवतोय, पडला तर स्वतः पडेल, एवढाच माझा हिशेब.

मग आवणीच्या दिवसांतली ती रात्र आली. शेजारच्या आजीला श्वास लागला. पाऊस धो धो. फोनला रेंज नाही, जीप मिळेना. जामसरच्या दवाखान्यापर्यंत न्यायचं तर डोली, आणि चिखलातून डोली म्हणजे दोन तास. आजीचा मुलगा म्हणाला, "तुमच्या पोराची गाडी काढा."

भाचा दारात उभा राहिला. हलेना. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, तू सांग." आमच्याकडे मामाला अहोजाहो नसतं.

मी म्हणालो, "काढ."

आजीला दुसऱ्या सीटवर बसवली, तिच्या मुलाने मागे उभं राहून तिला धरलं. मी दुसऱ्या एकाबरोबर मागून पळत होतो, चढाला ढकलायला. एकदा चेन उतरली. बॅटरीच्या उजेडात भाच्याने ती चढवली, बोटं कापली. शेवटच्या उतारावर तो गाडी इतकी हळू, पहिल्या गिअरमध्ये का नेतोय, याचा मला राग आला. मी ओरडलोही.

आजी वाचली. पाड्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, याला पण बोलेरो मिळायला पाहिजे.

चौथ्या दिवशी भाच्याने मला गाडीखाली वाकायला लावलं. ब्रेकच्या दांडीचं वेल्डिंग चिरलं होतं, केसाएवढं. ते त्या रात्री नव्हे, त्याआधीच. त्याला माहीत होतं. दुरुस्त करायचं राहिलं होतं, कारण खाचरात ब्रेक लागतोच कशाला?

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं कुठे?"

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी काढायला सांगितली त्याचा मला पस्तावा नाही. डोली नेणारेही घसरतात, आणि दोन तास आजीजवळ नव्हते. पण तो दारात थांबला होता ते भीतीने नव्हे, त्याला काहीतरी ठाऊक होतं म्हणून, आणि मी ते ऐकूनच घेतलं नाही. एक प्रश्न विचारला असता तर आम्ही उतारावर मागे दोर धरला असता. आजीच्या मुलाला निदान सांगितलं असतं, की बाबा, असं असं आहे, तू ठरव. आजीला तर कुणी काहीच विचारलं नाही. आपण बनवलेल्या वस्तूचा भरवसा आपला असतो, तिच्यात बसणारा आपल्या भरवशावर बसतो. कागदावर शिक्का मारणारा साहेब कसाही असो, त्याच्या निमित्ताने करणाऱ्याशिवाय आणखी एक डोळा त्या सांध्यावरून फिरतो. आमच्या पाड्यावर तो डोळा माझा असायला हवा होता. वयाने मोठा मीच होतो.

आजीच्या मुलाला मी हे पुढे सांगितलं, दिवाळीनंतर. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वाचली ना." पण पुढच्या खेपेला तो आईला जिपेने घेऊन गेला.

भाच्याने दांडी नवी टाकली, दुहेरी वेल्डिंग करून. गाडी अजून आहे, खाचरात चालते, शेणखत ओढते. फक्त दुसरी सीट त्याने कापून काढली. तिथे आता फळी आहे, तिच्यावर पोतं राहतं. पोरं बसायला मागतात, तो बसू देत नाही.