जठराचा कर्करोग आणि रेणूंची साक्ष

जठराच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणं ॲसिडिटीसारखीच असतात. पोट जड वाटतं, जळजळ होते, भूक मंदावते. दुकानातून गोळी आणून लोक महिने काढतात आणि एन्डोस्कोपी होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच रक्ताच्या तपासणीत हा रोग वेळीच कळावा, ही मेटाबोलोमिक्सची, म्हणजे शरीरातले लहान रेणू एकत्र मोजणाऱ्या शास्त्राची, आशा मला फार मोलाची वाटते.

पेशीला काय काय करता येईल, ते जनुकं सांगतात. ती या घडीला काय करते आहे, ते कळतं साखर, लॅक्टेट, अमिनो आम्लं अशा लहान रेणूंवरून. जपानच्या केइओ विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली जठराच्या आणि मोठ्या आतड्याच्या गाठी शेजारच्या निरोगी भागाशी ताडून पाहिल्या. गाठीत ग्लुकोज फारच कमी होतं आणि लॅक्टेट साचलेलं होतं. गाठीच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरून लॅक्टेट तयार करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. शिवाय ग्लुटामिन वगळता जवळजवळ सगळी अमिनो आम्लंही गाठीत जास्त भरली.

पण हे रेणू चंचल असतात. लॅबमध्ये शुगरसाठी रक्त घेतात ती करड्या बुचाची नळी आठवा. तिच्यात फ्लोराइड असतं, कारण नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साखरेची ही गत, तर शेकडो रेणू एकदम मोजताना नमुना गोठवायला झालेला उशीर केवढा घोळ घालेल! आणि नमुना नीट जपला तरी मोठा प्रश्न उरतोच. रुग्णाचं खाणं आधीच तुटलेलं असतं, वजन उतरलेलं असतं. धडधाकट माणसाच्या रक्ताशी तुलना केली तर फरक दिसणारच. तो कर्करोगाचा की उपासमारीचा?

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जीवाणूमुळे आलेली सूज कर्करोगापर्यंत पोचायला अनेकदा दशकं लागतात. शोध घ्यायचा तो त्या दशकांत, निरोगी असतानाच रक्त देऊन ठेवलेल्या माणसांमध्ये. भारतात हा रोग सर्वाधिक आढळतो मिझोराममध्ये, जिथे धुरावलेलं मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी रोजच्या सवयीत आहे. जपानी रुग्णांमध्ये सापडलेल्या खुणा तिथे जशाच्या तशा लागू पडतील, असं गृहीत धरणं चूक ठरेल. तिथल्या माणसांचे नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवण्यावर पैसा खर्च व्हायला हवा.

तोवर भूक गेली, वजन उतरलं किंवा शौचाला काळी होऊ लागली, तर रक्ततपासणीच्या पॅकेजवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा आणि एन्डोस्कोपीबद्दल विचारा.