दस्तरख्वानावरचा डबा

बकरी ईदच्या दुपारी आमच्या सोलापूरच्या घरात दस्तरख्वान अंथरला की पंचवीस-तीस माणसं बसतात. पुण्याहून, हैदराबादहून, अक्कलकोटहून आलेली. ईदगाहवरून परतल्यावर कुरबानी होते, मग आधी कलेजी तव्यावर पडते. बऱ्याच जणांच्या पोटात तोवर चहासुद्धा गेलेला नसतो. जोहरच्या नमाजनंतर पुलावाची देगची उतरते. या गोतावळ्यात गेली सहा वर्षं एकजण गोश्त खात नाही. ती आमची पुतणी. नोकरीला पुण्यात असते, ईदला न चुकता घरी येते.

पहिली दोन वर्षं आम्ही तो थट्टेवारी नेण्याचा विषय मानला. ‘बोटी नक्को खा बेटी, शोरवा तो ले,’ हे प्रत्येकाने आपापल्या परीने म्हणून झालं. शोरव्यात गोश्त नसतं, असं आपल्याकडे खरोखरच पुष्कळांना वाटतं. दालच्यातला दुधी तेवढा उचलून खायला काय हरकत आहे, असंही वाटतं.

तिसऱ्या वर्षी फुफींनी तिच्यासाठी वेगळा भात केला. वेगळा म्हणजे काय, तर यखनी फडक्यातून गाळून घेतली आणि त्यातच तांदूळ शिजवले. बोटी एकही नाही, वर काजू आणि तळलेला कांदा. ‘तेरे वास्ते सादा बनाई, पेट भर के खा,’ असं म्हणत स्वतःच्या हाताने वाढला. आमच्यापैकी चार-पाच जणांना हे ठाऊक होतं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. अर्धं ताट संपल्यावर एका पोराला राहवलं नाही आणि तो बोलून गेला. ती उठली, हात धुऊन आली आणि कडक भाकरी व शेंगाची चटणी घेऊन पुन्हा त्याच जागी बसली. एक अवाक्षर बोलली नाही. पुढच्या वर्षी आली ती डबा घेऊन.

तिने गोश्त सोडलं याचा आम्हाला जेवढा राग आला नव्हता, तेवढा त्या डब्याचा आला. का आला, याचा शोध घेतला तेव्हा त्याची मुळं बरीच मागे गेलेली दिसली. आमच्या वडिलांच्या काळी ईदला काही हिंदू स्नेही घरी येत, गळाभेट घेत, आणि खाण्यापिण्याची वेळ आली की अवघडत. त्यांच्या घरी शीरखुर्मा पाठवण्याऐवजी शेवया, साखर, खारीक, चारोळी असा कोरडा शिधा पाठवला जाई. तो त्यांनी त्यांच्या भांड्यात शिजवून खावा. माणसं चांगली होती, वाईट वाटून घ्यायचं नाही असं आम्हाला शिकवलं होतं. पण आपल्या चुलीवरचं दूधसुद्धा चालत नाही, ही गोष्ट लहान मुलालाही कळते. स्वतःच्या रक्ताच्या पोरीने आपल्याच दस्तरख्वानावर डबा उघडला तेव्हा तो कोरडा शिधा आठवला.

मात्र दोन्हींत फरक होता, आणि तो समजायला आम्हाला वेळ लागला. ते स्नेही आमच्या हाताला टाळत होते. हिने आमच्या हाताचं विश्वासाने खाल्लं होतं, आणि त्या हाताने तिला फसवलं होतं. डबा पुण्यात भरला गेला असेल, तो भरायला लावला आम्ही.

इथे आपण सगळ्यांनी क्षणभर स्वतःकडे पाहावं. परगावी हॉटेलात शिरताना आपण काय विचारतो? ‘हलाल है क्या?’ मालक हो म्हणाला की बसतो. त्याच्या शब्दाखेरीज आपल्यापाशी दुसरा पुरावा नसतो. मित्राच्या लग्नात वाढप्याला विचारतो, परदेशी बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं डोळे ताणून वाचतो. उद्या कुणी थट्टेत आपल्याला नको ते खाऊ घातलं आणि वर ‘काय फरक पडला, चव तर आवडली ना?’ असं हसून विचारलं, तर आपण त्याचं तोंड पाहू का? १८५७ मध्ये काडतुसांना कसली चरबी लावली आहे, या संशयाने हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच वेळी पेटून उठले होते. आपल्या तोंडात काय जातं ते ठरवण्याचा हक्क आपण जिवापलीकडे जपतो. घरातल्या मुलीने तोच हक्क मागितला तर त्याला नखरा म्हणतो.

यावर आमच्या घरात जो युक्तिवाद झाला तो शरियतचा होता. अल्लाहने जे हलाल केलं ते स्वतःवर हराम करून घेऊ नये, अशा आशयाची ताकीद सूरह माइदामध्ये आहे, ती कशी विसरायची? प्रश्न रास्त आहे. पण हराम ठरवणं आणि न खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला भेद खुद्द प्रेषितांच्या (स.) जेवणातच दिसतो. हजरत मैमूना (र.) यांच्या घरी भाजलेली घोरपडीच्या जातीची ‘दब्ब’ वाढली गेली. प्रेषितांनी (स.) पुढे केलेला हात काय आहे ते कळताच मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (र.) यांनी विचारलं, हे हराम आहे का? उत्तर मिळालं की नाही, पण आमच्या मुलखात हे नसतं, मनाला रुचत नाही. मग खालिद (र.) यांनी ते त्यांच्यासमोरच खाल्लं. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एकाने सोडलं, दुसऱ्याने खाल्लं, दस्तरख्वान एकच राहिला.

गोश्त न खाणारी आमची पुतणी पहिलीही नाही. नागौरचे चिश्ती सूफी हमीदुद्दीन तेराव्या शतकात थोड्याशा जमिनीवर नांगर धरून जगले आणि शाकाहारी राहिले. सीरियातला अंध कवी अबुल अला अल-मअर्री (९७३–१०५७) तर दूध, अंडी आणि मधही घेत नसे. फातिमी दरबारच्या अल-मुअय्यद शीराजी या मोठ्या धर्मप्रचारकाने त्याला पत्रं लिहून जाब विचारला होता. मअर्रीचा हट्ट आम्हाला पटतो असं नाही. पण वाद पत्रांतून झाला, यखनी गाळून नव्हे. आजचंच पाहायचं तर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत भारतातल्या शंभरातल्या आठ मुसलमानांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं. ही आठ माणसं ईदला काय जेवतात, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

तरीही घरातल्या थोरांची एक भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ च्या मार्चमध्ये बैल आणि वळूही त्यात आले. त्याच वर्षी दादरीत मांसाच्या अफवेवरून एका माणसाला घरातून ओढून ठार मारलं गेलं. बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केलं, पण पिशवी घेऊन निघालेल्या माणसाच्या छातीतली धडधड निकालाने थांबत नाही. अशा काळात आपल्याच घरातलं कुणी गोश्त नको म्हणालं, तर ते तिकडच्यांच्या बाजूने बोलल्यासारखं ऐकू येतं. तिचा त्यात दोष नसला तरी ऐकू येतं.

तिला याची जाणीव आमच्यापेक्षा जास्त आहे. ऑफिसात कुणी कौतुकाने म्हणतं, ‘तू मुसलमान असून खात नाहीस? वाटत नाही हं तुमच्यातली!’ त्या वाक्यानंतर घास उतरत नाही, असं तिने एकदा सांगितलं. खोली शोधताना ‘आम्ही फक्त शाकाहारी लोकांना देतो’ म्हणणाऱ्या मालकाला तिने आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं, तरी नाव ऐकून जागा मिळाली नाही. दयेपोटी सोडलेलं गोश्त आणि सोवळ्यापोटी टाळलेला माणूस, यांतला फरक तिला तिथे कळला. तो आम्हाला तिच्याकडून कळला.

तिचीही चूक झाली होती, ती न सांगणं अन्यायाचं होईल. पहिल्याच वर्षी जेवता जेवता ती बकऱ्याच्या डोळ्यांविषयी बोलली आणि दोन लहान मुलं ताटावरून उठली. त्या मुलांच्या आईला ते अजून विसरता आलेलं नाही. ज्या घरांत वर्षातून याच तीन दिवसांत पोटभर गोश्त येतं, त्यांच्यासमोर जिभेला आवर घालायला हवा, हे तिलाही उशिरा उमगलं. पुढे ती वाटणीच्या कामाला बसू लागली. घरचा हिस्सा, नातलगांचा, गरिबांचा. तराजू तिच्या हातात असला की गरिबांच्या वाट्याला हाडंच जास्त गेली अशी तक्रार येत नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या हातांना वास येत असतो, पण ती नाक मुरडत नाही.

खरा पेच यंदा उभा राहिला. तिच्यापाशी आता थोडं सोनं आहे, बँकेत शिल्लक आहे. हनफी मताप्रमाणे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता असली की कुरबानी वाजिब होते, आणि त्याऐवजी पैसे दान केले तर ती अदा होत नाही. तिने विचारलं, ‘मी खात नाही, पण माझ्या नावाने जीव जायचा तो जायचाच का?’ अल्लाहपर्यंत गोश्त किंवा रक्त पोहोचत नाही, पोहोचतो तो तकवा, असं सूरह हज्ज सांगते, हे आम्ही तिला सांगितलं. ती म्हणाली, तेच तर मी विचारतेय. आमच्यापाशी उत्तर नव्हतं. कुणी म्हणालं हुकूम तो हुकूम, कुणी मौलानांना विचारायला सांगितलं. शेवटी तिने म्हशीतल्या सात हिश्श्यांपैकी एकाचे पैसे भरले आणि तो सगळाच्या सगळा गरिबांत वाटायला सांगितला. तिचं समाधान झालं का, हे आम्ही विचारलं नाही.

त्या दुपारी तिने डबा आणला नव्हता. फुफींनी वेगळ्या पातेल्यात बघारे बैंगन केले होते, तेलाची नवी बाटली फोडून. पळीसुद्धा वेगळी. ताट पुढे आल्यावर तिने नेहमीसारखं विचारलं, ‘फुफी, इसमें क्या क्या डाले?’ फुफींच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी बोटं मोडत सांगायला सुरुवात केली : वांगी, तीळ, शेंगदाणे, खोबरं, चिंच...