विष आणि उतारा
(शास्त्रवाचन : गणना २१:४-९)



भाकर नाही, पाणी नाही, अशी इस्राएल लोकांची रानात ओरड होती. पण खरे दुखणे निराळेच होते : रोज मिळणाऱ्या मान्नाचा त्यांना वीट आला होता. पोट भरत होते, जीभ भरत नव्हती. त्या कुरकुरीच्या पाठोपाठ छावणीत विषारी साप शिरले.

जपानात फुगू नावाचा मासा मोठ्या आवडीने खातात. त्याच्या यकृतातील विष शिजवल्यानेही जात नाही, आणि त्याला उतारा नाही. १९७५ च्या जानेवारीत बांदो मित्सुगोरो या काबुकी रंगभूमीवरील थोर नटाने क्योतो शहरात त्या यकृताच्या चार बशा संपवल्या. हे विष आपल्याला बाधत नाही, असे तो म्हणत असे, असे सांगतात. त्याचे अंग लुळे पडले आणि तो मरण पावला.

अन्न अशुद्ध होते म्हणून तो मेला काय? नाही. कोणतेही अन्न स्वतः अशुद्ध नाही, हे पेत्र याफो येथील दृष्टांतातून शिकला. म्हणून शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडणे आपल्याला शोभत नाही. परंतु मोकळीक असणे निराळे व हित असणे निराळे, हे पौलाने करिंथकरांना बजावले आहे. गोव्यात पावसाळ्यात बेडूक ‘जंपिंग चिकन’ म्हणून चवीने खाल्ले जातात, आणि तेही कायद्याने त्यांच्या शिकारीस बंदी असताना. शेतातले किडे खाणारा हा मुका मजूर आपल्या एका घासासाठी मारावा काय? दावीदाने तर तीन वीरांनी जीव धोक्यात घालून आणलेले, आपल्याच आवडत्या विहिरीचे पाणी न पिता ओतून टाकले.

गर्व जिभेचाच असतो असे नाही. तो विश्वासाचे सोंग घेऊनही येतो. अमेरिकेत केंटकी राज्यात २०१४ साली एका पाळकाने उपासनेत विषारी साप हाती घेतला. साप चावला, त्यांनी उपचार नाकारले, आणि ते दगावले. मलिता बेटावर पौलालाही साप डसला होता. पण पौल साप उचलायला गेला नव्हता, शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होता. सेवा करताना संकट आले तर देव समर्थ आहे. संकट मुद्दाम ओढवून घेणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे. मंदिराच्या शिखरावर प्रभूने तेच नाकारले.

आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलांना एवढे अवश्य शिकवा : नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणीही चावले तरी जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता रोग्याला तडक दवाखान्यात न्यावे. भगताकडे थांबू नये, आणि प्रार्थनेसाठी घरीही थांबू नये. प्रार्थना वाटेतही होते.

दवाखान्यात जे प्रतिविष टोचतात ते कसे तयार होते, ठाऊक आहे ना? घोड्याला सापाचे विष थोडे थोडे टोचतात. ते तो सोसतो, आणि त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. विष एकाने सोसले, जीव दुसऱ्याचा वाचला!

मोशेने पितळेचा सर्प उंच केला तेव्हा छावणीतले साप नाहीसे झाले नव्हते. डसलेल्याला दृष्टी मात्र वर करावी लागे. प्रभूने तो सर्प आपल्या वधस्तंभाची खूण म्हणून निकदेमाला दाखवला. आपले विष त्याने सोसले. त्याच्या रक्तात आपला उतारा आहे.

आपल्याला कशाचा दंश झाला आहे, हे ज्याचे त्याने ओळखावे. पण उशीर करू नये. आमेन.