निवडुंगाचा अपराध कोणता?

‘ओपुन्शिया स्ट्रिक्टा’ हा फड्या निवडुंगाच्या कुळातला काटेरी निवडुंग मूळचा फ्लोरिडा, मेक्सिकोचे आखात आणि कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवरचा. खाऱ्या वाऱ्यात, वाळूच्या टेकाडांवर तो वाढतो. त्याची जांभळट-लाल फळे कुसळे काढून खातात. ऑस्ट्रेलियात नेल्यावर मात्र 1920च्या दशकात निवडुंगाने सुमारे 2.4 कोटी हेक्टर जमीन व्यापली. मग अर्जेंटिनातून आणलेल्या कॅक्टोब्लास्टिस पतंगाच्या अळ्यांनी तो फस्त केला आणि बूनार्गा गावच्या सभागृहाला चक्क या कीटकाचे नाव मिळाले. तोच पतंग 1989मध्ये फ्लोरिडात पोचला, तेव्हा तिथल्या मूळच्या निवडुंगासाठी तो संकट ठरला.

झाड तेच, कीटक तोच. मग न्याय दोन कसे? तत्त्वज्ञ पॉल टेलर यांच्या ‘रिस्पेक्ट फॉर नेचर’ (1986) या ग्रंथानुसार प्रत्येक सजीवाला स्वतःचे हित असते; ते जागा बदलल्याने नाहीसे होत नाही. पर्यावरणचिंतक आल्डो लिओपोल्ड यांची कसोटी वेगळी: साऱ्या जीवसमूहाचे स्वास्थ्य. ऑस्ट्रेलियातली उजाड शेते पाहता हीच अधिक पटते. पण निवडुंग समुद्र ओलांडून आपण होऊन गेला नव्हता. त्याचे निर्मूलन आवश्यक होते, शिक्षा म्हणून मात्र ते समर्थनीय नाही. दोष नेणाऱ्या माणसाचाच.