कपाटातले रंग

गेल्या ईस्टरनंतरच्या रविवारी मी मोरपंखी रंगाची साडी नेसून सकाळी सातच्या मिस्सेला आले. यात सांगण्यासारखे काय, असे एखाद्या पुरुष वाचकाला वाटेल. आपल्या धर्मग्रामातल्या बायकांना मात्र त्याचा अर्थ तत्काळ कळला. माझे पती देवाघरी जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्या सहा वर्षांत काळा, करडा, गडद जांभळा आणि फार तर चॉकलेटी याखेरीज दुसरा रंग कोणी माझ्या अंगावर पाहिला नव्हता. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर एका मावशीने माझा हात दाबला आणि काही न बोलता ती पुढे गेली. दुसऱ्या एकीने विचारले, "काय गं, आज काही विशेष?"

विशेष काही नव्हते. मला उत्तर सुचले नाही. घरी जाताना वाटभर त्या प्रश्नाचा विचार करत राहिले आणि नंतरही बरेच दिवस करत होते. या पत्रकासाठी काहीतरी लिही, असे फादर दोन वर्षे सांगत होते. विषय हा निघेल असे त्यांना वाटले नसावे.

सुरुवात कपाटापासून झाली. उपवासकाळात माझी मुलगी चार दिवस घरी आली होती. कपाटाचे दार नीट लागत नाही म्हणून तिने सगळे कपडे पलंगावर काढले. त्यात तीन ढीग झाले. एक, सहा वर्षांतल्या गडद साड्यांचा. दुसरा, त्याआधीच्या रंगीत साड्यांचा; घड्या पिवळ्या पडलेल्या, डांबरगोळ्यांचा वास. तिसरा ढीग माझ्या पतीच्या शर्टांचा. ते अकरा होते. मुलगी म्हणाली, "मम्मी, यातलं तुला आज होतं असं काय आहे?" ती ब्लाउजबद्दल विचारत होती. पंचेचाळिशीनंतर अंग सुटते, दंड भरतात; रंगीत साड्यांवरच्या नऊ ब्लाउजांपैकी दोनच माझ्या अंगात जात होते. पण तिचे वाक्य ब्लाउजापुरते राहिले नाही. एक ढीग मी पूर्वी जी होते तिचा होता, एक गेलेल्या माणसाचा, आणि एक लोकांना दिसण्यासाठी. बावन्न वर्षांची, रोज शाळेत चाळीस मुलांसमोर उभी राहणारी बाई त्या पलंगावर कुठेच नव्हती.

हा काळा रंग आपल्याकडे कुठून आला? वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. पोर्तुगालच्या खेड्यांत विधवेने आयुष्यभर काळे घालायची रीत अगदी अलीकडच्या काळापर्यंत होती. दुसरीकडे आपल्या हिंदू शेजाऱ्यांतही विधवेच्या रंगांवर, कुंकवावर, बांगड्यांवर बंधने होतीच. मला कधीकधी वाटते, दोन्हीकडचे जे जे कडक ते आपण जपून ठेवले. माझी आजी अडतिसाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे तिने गडद लुगड्याखेरीज काही नेसले नाही आणि लग्नघरात ती कधी पुढच्या ओटीवर बसली नाही. आजोबा आधी न जाता आजी आधी गेली असती तर? त्यांनी काही दिवस शर्टाला काळी फीत लावली असती. पत्नी गेलेल्या पुरुषाला, "आज पांढरा शर्ट, काही विशेष?" असे कोणी पायरीवर विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

तरीही मी या रीतीची थट्टा करणार नाही. पहिल्या वर्षी काळ्या साडीने मला सांभाळले. बसमध्ये, बँकेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये मला कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही, साडीनेच सांगितले. लोक हळू बोलत, जागा देत. सकाळी काय नेसावे याचा विचार करायची ताकद नव्हती, तो विचारही साडीने माझ्यासाठी केला. शोकाला वस्त्र असणे ही शहाण्या माणसांनी काढलेली सोय आहे. प्रश्न एवढाच की ती सोय कधी थांबते आणि तिचा नियम कधी होतो.

माझ्या बाबतीत ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी थांबली, हे मला आता कळते. मी शाळेत हसू लागले होते, सहलीला जाऊ लागले होते, भाचीच्या बाळाला मांडीवर घेऊन गाणी म्हणू लागले होते. काळी साडी मात्र अजूनही 'जवळ येऊ नका' असे सांगत होती. म्हणजे माझी साडी खोटे बोलत होती. नटणाऱ्या माणसावर आपण खोटेपणाचा आरोप सहज करतो. न नटणाऱ्याचाही खोटेपणा असू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

इथे एका मोठ्या संताशी माझा वाद आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स हे कॅथलिक लेखकांचे आणि पत्रकारांचे आश्रयदाते, म्हणजे या पत्रकाचेही. भक्तिजीवनाची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक १६०९ मध्ये प्रसिद्ध झाले. संसारी माणसांसाठी लिहिलेल्या त्या पुस्तकात पोशाखावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ते स्वच्छतेचा आणि नीटनेटकेपणाचा आग्रह धरतात. भाविक माणूस गबाळा दिसावा असे त्यांना मुळीच वाटत नाही. पण वय झालेल्या माणसांनी सुंदर दिसायचा प्रयत्न केला की जग हसते, तो वेडेपणा तरुणांनाच शोभतो, असेही ते तिथे लिहितात. आणि ज्या विधवेला पुन्हा लग्न करायचे नाही, तिला नम्रतेखेरीज दागिना नको, असे त्यांचे मत आहे.

त्यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. जेन दि शान्ताल ही फ्रेंच सरदारघराण्यातली स्त्री. १६०१ मध्ये शिकारीतल्या अपघाताने तिचा पती गेला. पुढे फ्रान्सिस यांची ओळख झाल्यावर त्यांनी एकदा तिला विचारले, पुन्हा लग्न करायचा विचार आहे का? ती नाही म्हणाली. मग ध्वज खाली उतरवायला हरकत नाही, अशा अर्थाचे ते काहीतरी बोलले आणि तिने कपड्यांवरची लेस काढून टाकली. पुढे १६१० मध्ये या दोघांनी मिळून व्हिजिटेशन संघ स्थापन केला आणि तीही संतपदाला पोहोचली.

हे वाचून मी काही दिवस गप्प होते. संतांशी वाद घालायला मी कोण? पण पुन्हा वाचताना लक्षात आले की त्यांनी नियम सांगण्याआधी प्रश्न विचारला होता. तुझा पुढचा विचार काय? म्हणजे वस्त्र हेतूच्या मागून चालावे, असे त्यांनाही वाटत होते. फक्त त्यांच्यासमोर विधवेचे दोनच हेतू होते, लग्न किंवा संन्यास. माझा हेतू तिसरा आहे. मला लग्न करायचे नाही आणि मठातही जायचे नाही. मला शाळेत शिकवायचे आहे, रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायचे आहे, जानेवारीत पुतणीच्या लग्नात पुढच्या ओटीवर बसायचे आहे. त्यासाठी ध्वज नको, पण काळा पडदाही नको.

म्हातारपणी तरुण दिसण्याच्या वेडेपणाबद्दल मात्र संतांचे बोलणे मला लागले, कारण ते अंशतः खरे आहे. साडीच्या दुकानात विक्रेतीने माझे वय पंचेचाळीस असेल असा अंदाज केला, तेव्हा मला आनंद झाला. तो आनंद निर्मळ नव्हता. मुलगी केस रंगवायचेही सुचवत होती. मी नाही म्हटले. हा नियम नव्हे. पुष्कळ जणी रंगवतात आणि छान दिसतात. मला एवढेच वाटले की काळ्या साडीचे खोटे टाकायला निघालेल्या बाईने काळ्या केसांचे खोटे लगेच विकत घेऊ नये. शेवटी मी दोन सुती साड्या, तीन मापाचे ब्लाउज आणि टाच न दुखवणाऱ्या चपला घेतल्या. एकूण खर्च चार हजारांच्या आत झाला.

जी रीत आपण ख्रिस्ती म्हणून सांभाळतो, तिच्याबाबत खुद्द ख्रिस्तसभेने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी मृतांच्या मिस्सेत धर्मगुरू काळी वस्त्रे परिधान करीत. माझ्या सासूबाईंना ते स्पष्ट आठवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झाला. ख्रिस्ती मरणाचे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाशी असलेले नाते अंत्यविधीतून अधिक स्पष्ट व्हावे, त्या त्या प्रदेशाच्या परंपरांचा विचार व्हावा आणि रंगाच्या बाबतीतही हेच लागू व्हावे, असे त्यात सांगितले आहे. १९६९ मध्ये अंत्यविधीची सुधारित पद्धत आली. काळा रंग आजही चालतो, त्याला बंदी नाही. पण आता आपण दफनाच्या मिस्सेत जांभळा किंवा पांढराच पाहतो. वेदीवरून काळा उतरून अर्धशतक उलटले, तरी घरातल्या बाईच्या अंगावर तो राहिलाच.

पवित्र शास्त्रातही शोकवस्त्र उतरवणारी माणसे आहेत. दावीद राजाचे बाळ मेले तेव्हा तो जमिनीवरून उठला, न्हाला, कपडे बदलले, आधी परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि मग जेवला. हे पाहून सेवक गोंधळले, त्यांचा प्रश्न जवळजवळ "आज काही विशेष?" असाच होता. आणि ज्युडिथ! तिचा पती मनश्शे सातूच्या कापणीत उन्हाने आजारी पडून गेला. तीन वर्षे चार महिने ती गोणपाट आणि वैधव्याची वस्त्रे घालून राहिली. शहर संकटात आले तेव्हा तिने ती उतरवली, स्नान केले, केस विंचरले आणि पती हयात असताना आनंदाच्या दिवसांत घालायची ते कपडे घातले. हा तपशील मी पूर्वी कधी नीट वाचलाच नव्हता. तिने नवे कपडे विणून घेतले नाहीत, पतीसोबतच्या दिवसांतलेच बाहेर काढले. अर्थात तिचा नटण्यामागचा हेतू वेगळा होता, शत्रूच्या सेनापतीला फसवण्याचा. माझ्या मोरपंखी साडीला ते उदाहरण पुरते लागू पडत नाही. पण पुढे अनेकांनी मागणी घालूनही तिने लग्न केले नाही, एकशेपाच वर्षे जगली आणि तिला पतीच्याच गुहेत पुरले. तिची निष्ठा गोणपाटात नव्हती, एवढे तरी यातून दिसते.

राहिला तिसरा ढीग. संत बेसिल यांनी चौथ्या शतकात धान्याची कोठारे मोठी करणाऱ्या श्रीमंताच्या दाखल्यावर प्रवचन दिले. त्याचा रोख असा, की पेटीत पडून राहिलेला अंगरखा ज्याला अंगरखा नाही त्याचाच आहे. प्रवचनात हे ऐकायला सोपे वाटते. मी अकरा शर्ट सहा वर्षे पडू दिले होते. त्यातल्या दोघांची कॉलर कसरीने खाल्ली होती. म्हणजे ते ना माझ्या पतीचे राहिले, ना कुणा गरजूचे झाले. एक मी ठेवला. बाकीचे धुऊन, इस्त्री करून दिले. न धुता, बोचक्यात कोंबून द्यायचे नाहीत, एवढे ठरवले होते. त्यांतला निळ्या चौकटीचा शर्ट आता शेजारच्या वाडीत काम करणारे एक गृहस्थ घालतात. पहिल्यांदा तो पाठमोरा दिसला तेव्हा मी रस्त्यात थांबले. पोटात खड्डा पडला. ते वळून म्हणाले, "बाई, बरोबर बसला बघा." खरेच बरोबर बसला होता.

सर्वांत कठीण गोष्ट मी शेवटपर्यंत टाळली, इथेही आणि घरीही. माझ्या सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. माझा पती गेला तसा त्यांचा मुलगा गेला. त्या रविवारी मी साडी नेसून खोलीबाहेर आले, तेव्हा त्या खुर्चीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा माळेकडे. दोन दिवस या विषयावर आम्ही दोघी बोललो नाही. माझ्या साडीने त्यांना दुखावले असेल, तर मी केलेला सगळा विचार कुठे ठेवू, असे मला होऊन गेले. कारण वस्त्र आपल्या अंगावर असले तरी ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जाते, आणि तो डोळा एका आईचा होता. तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत असताना त्या मागून म्हणाल्या, "मी नाही सोडणार. तू सोड."

मी म्हटले, "आई, तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाटलं," त्या म्हणाल्या. "तरी सोड."

त्यावर आम्ही अधिक काही बोललो नाही. त्या अजूनही काळेच नेसतात आणि मी त्यांना कधी आग्रह केलेला नाही.

पायरीवर माझा हात दाबणारी मावशी मागच्या आठवड्यात घरी आली होती. ती अडुसष्ट वर्षांची आहे, एकोणीस वर्षे विधवा. चहा पिऊन झाल्यावर तिने साडी कुठल्या दुकानातून घेतली ते विचारले, मग किंमत, मग जरा थांबून तिच्या वयाला असे काही चालेल का, असे विचारले. शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. तिची एकच अट आहे: निळा चालेल, पण फुले मोठी नकोत.