चूक नेमकी कुठे झाली?

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या सत्संगात आत्मपरीक्षणाचा विषय निघाला होता. वेळ संपली आणि माझं बोलायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिते आहे. उदाहरण जरा वेगळं आहे, सांभाळून घ्या.

आमचे चिरंजीव सुट्टीत घरी आले की लॅपटॉपवर बुद्धिबळ बघत बसतात. एकदा मी विचारलं, "कोण खेळतंय रे?" म्हणाला, "कोणीच नाही आई, दोन प्रोग्रॅम एकमेकांशी खेळताहेत." मला हसूच आलं. खेळणारा माणूस नाही, जिंकल्याचा आनंद नाही, हरल्याचं दुःख नाही, मग बघायचं काय? पण भाजी निवडता निवडता शेजारी बसले आणि अडकलेच.

त्याने सांगितलं, टीसीईसी नावाची या प्रोग्रॅमची स्पर्धा असते. ते इतके तयार झालेत की नेहमीसारखी सुरुवात करू दिली तर बहुतेक डाव बरोबरीतच सुटतात. म्हणून पहिल्या काही खेळ्या माणसंच ठरवून देतात. पुष्कळदा एका बाजूला जरा जड जाईल अशीच मांडणी निवडतात. मग तीच मांडणी बाजू बदलून पुन्हा खेळवतात. आधी ज्याच्याकडे पांढरी मोहरी होती, त्याच्याकडे आता काळी. मला वाटलं, हे तर आपलं प्रारब्धच झालं! मांडणी आपल्या हातात नाही, पुढची खेळी मात्र आपली.

डाव संपला की तो एकेक खेळी मागे जाऊन बघतो. प्रत्येक खेळीपुढे पडद्यावर एक आकडा असतो. एक म्हणजे साधारण एका प्याद्याइतकं पारडं जड. त्या दिवशीच्या डावात काळ्याचा हत्ती गेला आणि मी लगेच म्हटलं, "इथे चुकला." तो म्हणाला, "थांब." मागे मागे जात राहिला. हत्ती गेला तेव्हा काळ्यापुढे चांगली खेळी उरलेलीच नव्हती, काहीही केलं असतं तरी हारच होती. खरी चूक पंधरा खेळ्या आधीची. एक प्यादं एक घर पुढे सरकवलं होतं, बस्स. तिथे ना शह होता, ना मारामारी. आणि ती खेळी करताना काळ्याचा स्वतःचा आकडा "सगळं ठीक आहे" असंच सांगत होता. गडबड समोरच्याला आधी दिसली होती.

मी म्हटलं, मग यंत्रानं अजून भराभर मोजायला हवं. त्यावर त्याने 2017 ची गोष्ट सांगितली. स्टॉकफिश हा प्रोग्रॅम सेकंदाला सुमारे 7 कोटी स्थिती तपासत होता. डीपमाइंड कंपनीचा अल्फाझीरो फक्त 80 हजार. त्याला नुसते नियम सांगितले होते, बाकी तो स्वतःशीच खेळून शिकला. दोघांचे 100 डाव झाले. अल्फाझीरोने 28 जिंकले, 72 बरोबरीत सुटले, हरला एकही नाही. म्हणजे किती बघितलं यापेक्षा कुठे बघितलं याला महत्त्व.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई ग्वाल्हेरला असतात. सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं. घरातल्या एका लग्नात त्या मला चारचौघांत लागेल असं बोलल्या, मीही उलटून बोलले. त्या पाच मिनिटांतला शब्द न् शब्द मी हजार वेळा मोजला आहे. कोण आधी बोललं, कुणाचा आवाज चढला. सेकंदाला 7 कोटी म्हणा ना!

पण मागे गेले तर दिसलं, लग्नातलं बोलणं म्हणजे तो हत्ती. प्यादं त्याच्या दोन वर्षं आधी सरकलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि आठ महिने सगळं वहिनींनी एकटीनं केलं. मी इंदूरहून दर महिन्याला पैसे पाठवत होते. मुलाची बारावी आहे म्हणून गेले नाही. एकदाही "वहिनी, तुम्ही झोपता कधी?" असं विचारलं नाही. भांडण नव्हतं, शब्द नव्हता, माझा आकडा "सगळं ठीक" दाखवत होता. त्यांना मात्र तेव्हाच कळलं होतं.

आता प्रश्न असा, की हे प्रोग्रॅम हरल्यावर रडत नाहीत, पुढच्या डावात राग नेत नाहीत. मग त्यांना स्थितप्रज्ञ म्हणायचं का? मला नाही वाटत. ज्याला फळाची ओढच नाही, त्याने सोडलं काय? ओढ असून सोडणं ही साधना. दगडालाही राग येत नाही, म्हणून तो संत होत नाही. यंत्राला चूक सापडते, पश्चात्ताप सापडत नाही. आणि पश्चात्ताप म्हणजे स्वतःला बोल लावत बसणंही नव्हे. तसं मी सहा वर्षं केलंच, त्यातही "मी"च होते.

यंत्राकडून घ्यायचं ते एवढंच, की बाजू बदलून तोच डाव पुन्हा बघायचा. मी मनाने ग्वाल्हेरच्या त्या खोलीत, वहिनींच्या जागी बसून पाहिलं. आणि एक फरकही कळला. पटावर डाव संपला की संपला. घरात समोरचा प्रतिस्पर्धी नसतोच, त्यामुळे राहिलेली खेळी उशिराही करता येते.

सकाळी फोन लावला. म्हटलं, "वहिनी, आईंच्या आजारपणात मी यायला हवं होतं." बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "गॅसवर दूध आहे, नंतर करते." संध्याकाळी खरंच केला. लग्नाचा विषय दोघींनीही काढला नाही.

रात्री नामस्मरणाला बसण्याआधी मी आता एवढंच विचारते, आज कुठलं प्यादं नकळत सरकलं? तुम्हीही विचारून बघा.

जय गुरुदेव 🙏