गाळाचे पाच गोळे

गेल्या वैशाखात पाटोद्याजवळच्या एका गावी सप्ताहाचा काला आटोपून आम्ही पारावर टेकलो होतो. गावचे एक सधन गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "महाराज, वडलांच्या नावानं काही करावं म्हणतो. सभामंडपाला खांब द्यावा, का तळ्यातला गाळ काढावा? पण गाळ काढला तर पाटी कुठं लावायची?" मंडळी हसली. आम्हीही हसलो; पण रात्री झोप काही येईना. कारण चाळीस वर्षे आम्ही जिथे गेलो तिथे खांबच सांगत आलो आहोत.

शास्त्रात यज्ञयाग हे इष्ट, आणि विहीर, तळे, बाग, अन्नदान हे पूर्त. तळे बांधून झाले की त्याचा उत्सर्ग करायचा; म्हणजे हे पाणी सर्व भूतांचे असा संकल्प करून आपली मालकी सोडायची. इथवर ठीक. पण वाचकहो, ज्याने सोडले तो सुटला. मग तळ्याचा भार कोणावर आला? सर्वांचे म्हटले की ते कोणाचेच नसते, हा आपला नित्याचा अनुभव!

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात एक लहानसा नियम आहे. पाठशाळेत आम्ही तो घोकला आणि विसरलो. दुसऱ्याच्या पाण्यात स्नान करायचे तर आधी मातीचे पाच गोळे बाहेर काढावेत. नदीला, झऱ्याला हा नियम नाही. माणसाने खणलेल्या पाण्यालाच आहे. गुरुजी सांगत, खणणाऱ्याच्या पापाचा अंश आपल्याला लागू नये म्हणून ही तोड. असेल. पण दिवसाला शंभर माणसे बुडी मारून गेली तर पाचशे गोळे काठावर पडतात, हेही खरेच ना? भार कोणावर, याचे उत्तर आम्हांस तिथे दिसते. जो वापरतो त्याच्यावर.

मालवण तालुक्यात धामापूरचे तळे आहे. १५३० साली, विजयनगरच्या अमदानीत बांधलेले. काठावर भगवतीचे देऊळ. २०२० साली सिंचनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तिथली स्यमंतक नावाची संस्था हे तळे राखण्यासाठी झटते. काठाच्या पाणथळीत सिमेंटची बांधकामे नकोत म्हणून हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली. ही मंडळी काही तळे बांधणारी नव्हेत. बांधणारे जाऊन पाचशे वर्षे होत आली. कोणी म्हणेल, कोर्टकचेरी हा काय धर्म झाला? आम्हीही आधी तसेच म्हणालो असतो. स्वतःच्या मानासाठी भांडू नये हे खरे. पण तळ्याला काही तोंड नाही, त्याच्या वतीने कोणी बोलायचे?

"कोकणात पाऊस मोप, त्यांचं काय जातं?" असे आमच्याकडचे लोक म्हणतील. अहो, मांजरा तर आपल्याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते. तिच्यावरचे धनेगावचे धरण २०१६ साली कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पाऊस कमी हे खरेच. पण जो पडतो त्याची जागा गाळ अडवून बसला तर दोष ढगाला कसा द्यावा? आणि तो गाळ हलक्या रानात पसरला तर पीक धरतो, हे शेतकऱ्याला आम्ही कशाला सांगावे! २०१७ पासून सरकारचीही तशी योजना आहे.

त्या गृहस्थांस दुसऱ्या दिवशी आम्ही एवढेच म्हणालो, "पाटी लागायची नाही. वडलांचं नाव पुढच्या सप्ताहात आम्ही कीर्तनात घेऊ." ते विचार करतो म्हणाले. गावाने वाटखर्च म्हणून दिलेले पैसे आम्ही ट्रॅक्टरच्या दोन खेपांसाठी तिथेच ठेवून आलो. आषाढीची वारी करून परतलो की त्या वाटेने पुन्हा जाणार आहोत.